लाकडाला घडी नसते

तर आपला मास्तर. शाळेतला नव्हे हं, शिलाई मशीनवरचा. गळ्यात टेप, कानामागे खडू, ओठांत टाचण्या, आणि ओठांत टाचण्या असतानाही ज्याची बडबड थांबत नाही असला. अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणायची, सख्खी बायकोसुद्धा. बायको शहर बसची ड्रायव्हर. एवढं मोठं धूड गल्लीच्या वळणावरून एका हातानं काढायची आणि दुसऱ्या हातानं आडव्या आलेल्या सायकलवाल्याला जे सांगायचं ते सांगायची. तिला तिचे बाबा 'चिमणी' म्हणायचे. म्हणजे बघा आता.

आणि हे बाबा म्हणजे मास्तरचे सासरे. सुतार. नुसते सुतार नव्हे, असे सुतार की त्यांनी केलेला दरवाजा लावला तर आवाज यायचा नाही, लावलाय की नाही ते हात लावून बघायला लागायचं. पण तीन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चमचा थरथरला, मग पेन्सिल, मग एक दिवस पटाशी घसरली ती सरळ दाराच्या नव्याकोऱ्या फळीवर. बाबांनी पटाशी खाली ठेवली, अंगावरचा भुसा झटकला आणि वर्कशॉपला कुलूप घातलं. बास. ना आरडाओरडा, ना रडारड. सगळं विकलं. फक्त हत्यारांची एक पेटी आणि अक्रोडाच्या चार फळ्या तेवढ्या ठेवल्या, आणि लेकीकडे राहायला आले.

मास्तरच्या घरात पुढची खोली म्हणजे दुकान. तिथं खिडकीपाशी बाबांची खुर्ची, त्यांनीच केलेली, बिनहाताची. सकाळी चहा झाला की बाबा त्या खुर्चीत बसायचे आणि दोन्ही हात काखेत दाबून रस्त्याकडे बघायचे. हात कुणाला दिसू नयेत म्हणून. कप धरायचा तर आधी इकडंतिकडं बघून घ्यायचे, आणि अर्धाच भरलेला मागायचे.

चिमणीला सातवा महिना लागला तशी ती रजेवर घरी बसली. एकदा जेवताना सहज म्हणाली, "बाबा, घरी आणलं की बाळाला पहिल्यांदा तुम्ही घ्यायचं हं."

बाबांनी मान वरसुद्धा केली नाही. "मी नाही घेणार."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही घेणार. कप धरवत नाही मला, चिमणे. मूल काय धरणार?" आणि मग जरा वेळानं, भांडण नको म्हणून, "लांबून बघेन की. लांबूनही छान दिसतात मुलं."

चिमणी उठली आणि भांडी घासायला गेली. नळ इतका मोठा सोडला, इतका मोठा, की दोन ताटल्यांसाठी कोण एवढं पाणी घालवतं! मास्तर मागून गेला. तिनं वळून बघितलं नाही.

"पाळणा विकतचा नको," ती म्हणाली. "बाबांच्या फळ्यांचा हवा."

"बाबा करणार नाहीत गं."

"तू कर."

"मी?!"

"का? मापं घेतोस ना? कापतोस ना? जोडतोस ना? मग अडलं कुठं?"

"अगं, कापड चुकलं तर उसवता येतं!"

"मास्तर," ती वळली, आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झालेला. "बाबांनी बाळाला घेतलं पाहिजे. ते कसं, मला ठाऊक नाही. पण घेतलं पाहिजे. नाहीतर ते असेच खिडकीत बसून राहतील, काखेत हात घालून, जन्मभर. आपण पाळण्यापासून सुरुवात करू. मग बघू."

आता बस चालवणारीपुढं कोण बोलणार. सुरुवात झाली.

मास्तर फळ्या मागायला गेला तेव्हा बाबांनी पलंगाखाली पाय घालून एकेक फळी पायानंच पुढं सरकवली. "घ्या, जावईबापू. अकरा वर्षं वाळवलेल्या आहेत. पण मला काही विचारायचं नाही. मी सांगणार नाही आणि हातही लावणार नाही." बाबा मास्तरला 'तुम्ही' म्हणायचे. लग्नाला चार वर्षं झाली तरी तुम्ही, आणि 'जावईबापू'. ते इतकं अदबीनं म्हणायचे की मास्तरला आपल्याच घरात चपला काढून उभं राहिल्यासारखं वाटायचं.

कटिंगच्या टेबलावरचे कपडे बाजूला झाले आणि फळी आली. मास्तरनं खडूनं खूण केली, करवत उचलली, आणि खिडकीतून आवाज आला. खॉक्.

बाबा रस्त्याकडेच बघत होते. मास्तरनं पुन्हा करवत टेकवली. खॉक्! मग त्यानं टेप लावून माप पुन्हा बघितलं, तर एक बोटभर चुकलेलं. खूण पुसली, दुसरी केली, करवत टेकवली. शांतता. कापलं.

तर मंडळी, तो पाळणा असा खोकल्यावर चालला. बाबांनी कबूल केल्याप्रमाणे शब्द म्हणून सांगितला नाही, पण आठवड्याभरात मास्तरला खोकल्याची सगळी भाषा यायला लागली. एक बारीक खोकला म्हणजे माप परत घे. लागोपाठ दोन म्हणजे लाकूड उलटं धरलंयस. आणि तो मोठा, छातीतून येणारा, संपतच नाही असा, तो म्हणजे थांब, थांब, देवाशप्पथ थांब. एकदा खरंच ठसका लागला बाबांना, चहाचा, तर मास्तरनं घाबरून रंधा दूर फेकला आणि दोन्ही हात वर केले. चिमणी दारात उभी राहून हसत होती, पोट धरून, म्हणजे आता पोट केवढं, दोन्ही हातांनी धरून.

पाळणा काही झुलणारा नव्हता हं, चार पायांवर उभा राहणारा. चार कोपऱ्यांना चार खांब, खाली गादीची फळी, आणि चारी बाजूंना उभ्या दांड्या. दांड्या वर एका आडव्या पट्टीत बसायच्या आणि खाली एका. दोन दांड्यांमधून बाळाचं डोकं जाता कामा नये, म्हणून मास्तरनं जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला होता आणि प्रत्येक फटीत घालून बघायचा. भोकं पाडायची, खुंट्या बसवायच्या, सरस लावायचा. बोटं चिकटायची. मग गिऱ्हाइकाच्या पँटला सरसाचे ठसे, आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं, तर "फॅशन आहे."

पण होत आलं बरं का! तीन बाजू उभ्या राहिल्या. गादीची फळी बसली. चौथ्या बाजूची खालची पट्टीही लागली. राहिली फक्त तिची वरची पट्टी, आणि राहिली एकच फळी, बरोब्बर तेवढ्याच लांबीची.

आणि नेमकं त्या दिवशी बाबा घरात नव्हते.

चिमणीची तपासणी होती, आणि त्याच दवाखान्यात बाबांच्या हातांचे डॉक्टर, म्हणून दोघं बरोबर गेले. दुकानात मास्तर एकटा. आता ज्या माणसाच्या मागं महिनाभर कुणी खोकतंय त्याला मोकळं मिळालं की काय होतं? अंगात येतं. मास्तरला वाटलं, बाकीच्या तीन पट्ट्या सरळसोट आहेत, ही दर्शनी बाजू, हिला जरा बाक देऊ. मध्ये अलगद वर चढलेला, दोन्हीकडं उतरत गेलेला. कॉलरसारखा. कॉलर तर त्याच्या हातचा मळ!

खाकी कागद काढला आणि झरझर आकृती काढली. आता कॉलरची आकृती शिंपी कशी काढतो? अर्धीच. कारण कापड दुमडून टेबलावर घेतात, अर्ध्या कागदाची एक कड त्या घडीला लावतात, बाकी तीन कडा कापतात, आणि कापड उलगडलं की दोन्ही बाजू अगदी सारख्या, अख्खी कॉलर तयार. मास्तरनं हे आयुष्यात किती हजार वेळा केलं असेल त्याला सुद्धा माहीत नाही. हात आपोआप चालतात. डोकं भलतीकडंच असतं, आणि त्या दिवशी ते बाळाच्या बोटांना नखं असतात का जन्मताच, यात होतं.

त्यानं अर्धा कागद फळीवर ठेवला. कागदाची घडीची कड फळीच्या टोकाला लावली. खडू फिरवला. बाक कापला, सुंदर कापला, एकदाही करवत अडखळली नाही. आणि जिथं कागद संपत होता, म्हणजे बरोब्बर फळीच्या मध्यावर, तिथं आडवं कापून टाकलं.

मग पट्टी उचलली, फुंकर मारून भुसा उडवला, दोन्ही हातांनी तिची कड धरली आणि ऐका, ती उलगडायला गेला.

उलगडेना.

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. म्हणजे खरंच, नखानं कड शोधली. आणि मग डोक्यात उजेड पडला. उरलेला तुकडा हातात घेतला, अर्धीच्या टोकाला लावून बघितला, टेबलाखाली वाकून बघितलं, जणू काही बाकीची पट्टी खाली पडली असेल. अकरा वर्षं वाळवलेली फळी. चारातली शेवटची.

दारात आवाज आला तशी त्यानं दोन्ही तुकडे इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाखाली सारले.

चिमणी आली ती तोफेसारखी. "तो आमच्या मार्गावरचा नवीन ड्रायव्हर, ब्रेक मारतो की मुसळ! उतरताना सांगितलं मी त्याला, म्हटलं भाऊ, मागं माणसं आहेत, वाळूची पोती नाहीत. बाळ बरं आहे. डोकं खाली आहे. बाबांच्या गोळ्या वाढवल्या. काय झालं, तोंड का असं झालंय तुझं?"

"कुठं काय?"

बाबा खुर्चीत बसले. आणि पहिल्यांदाच रस्त्याकडं न बघता जमिनीकडं बघायला लागले. बराच वेळ.

"जावईबापू," ते म्हणाले. "फळी मधोमध आडवी कापल्यासारखा भुसा का पडलाय?"

चिमणीनं ढीग उचलला. बायकांना कसं कळतं कोण जाणे, दहा ढीग होते, तिनं तोच उचलला. "हे काय?"

"पट्टी."

"ही? एवढीशी?"

"अर्धी आहे."

"आणि अर्धी?"

मास्तर खाली बघून म्हणाला, "मला वाटलं घडीत आहे."

चिमणीला समजलं नव्हतं. पण मास्तरनं पाहिलं, बाबांचे खांदे हलायला लागले. मग छाती. मग सगळं अंगच. त्याला वाटलं झालं, धक्का बसला म्हाताऱ्याला, थरथर अंगभर गेली, आणि तो "पाणी, पाणी" करत उठला.

बाबा हसत होते.

हसत होते म्हणजे काय, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काखेतले हात कधी बाहेर आले त्यांना कळलंसुद्धा नाही, एका हातानं मांडीवर थाप मारत होते, दुसऱ्यानं डोळे पुसायला जात होते आणि हात कानाकडं जात होता, आणि त्यालाही हसत होते. "घडी! अरे गाढवा! लाकडाला घडी असते होय रे? उलगडायला गेला असशील तू! गेलास ना? खरं सांग!"

"गेलो," मास्तर म्हणाला.

"गेला! चिमणे, उलगडायला गेला हा!"

आता फळी वाया गेलेली, महिनाभराचं काम अडलेलं, आणि मास्तरला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका. अरे म्हणाले. गाढवा म्हणाले! चार वर्षांत पहिल्यांदा.

हसू ओसरल्यावर बाबा म्हणाले, "पण आता दुसरं लाकूड लावलंस तर ठिगळ दिसेल बघ. अक्रोड असला आता मिळायचा नाही."

"ठिगळ?" मास्तर ताठ झाला. "बाबा, ठिगळ हा तर आपला धंदा आहे. चौथी बाजू कापडाची करू."

"कापडाची! पाळण्याला?"

"जाड कॅनव्हास, दुहेरी. वरच्या कडेत बॅगेचा पट्टा घालून शिवतो. माझ्या पिशवीतून लोक दहा-दहा किलो बटाटे नेतात."

"माझं बाळ बटाटा नाहीये," चिमणी म्हणाली.

"आणि खांबाला लावणार कशानं? खिळे ठोकणार कापडात?" बाबांचा आवाज चढला. महिनाभर खोकणारा माणूस धडाधड बोलत होता.

"काज-बटणं करू. काज कापडाला, बटणं खांबाला."

"बटणं! हे देवा. कसली बटणं?"

मास्तरनं ती अर्धी पट्टी पुढं केली. "याची."

बाबांनी पट्टीकडं बघितलं. तिच्या बाकावर नजर फिरवली. बाक खरंच सुरेख आला होता. "चौदा लागतील," ते पुटपुटले. "एका बाजूला सात. भोकं आधी पाड, मग कापत जा, नाहीतर फुटतील."

मास्तरनं चौदा चकत्या कापल्या. ओबडधोबड, कडा खरखरीत. पॉलिशपेपर टेबलावर पसरून घासायला बसला, आणि त्याची बोटं आधीच सरसानं सोललेली, तोंडातून 'स्स' करत होता. दोन झाली. तिसऱ्याला बाबा म्हणाले, "आण इकडं. तुझं बघवत नाही."

पॉलिशपेपर बाबांच्या मांडीवरच्या पाटावर आला. बाबांनी चकती बोटाखाली धरली, कागदावर टेकवली, आणि हात थरथरायला लागला तसा थरथरू दिला. खर्र खर्र खर्र खर्र. पुढंमागं, बारीक, एकसारखं. चकती गुळगुळीत व्हायला लागली. बाबा स्वतःच्या हाताकडं असे बघत होते की जणू शेजाऱ्याचा हात आहे, आणि शेजारी अचानक कामाला आलाय. चिमणीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर मास्तरनं टेप तिच्या तोंडासमोर धरला. गप.

दोन दिवसांत चौदा बटणं झाली. हातात घेतली तर चिंचोक्यांसारखी सरकायची.

मग कापड. मास्तरनं इतकी घट्ट शिलाई घातली की मशीनच्या दोन सुया मोडल्या. काजं हातानं केली. एका दुपारी तो एकीकडून बटणं काढून कापडाला टाके घालत बसला होता, आणि शेजारी खुर्चीत बसलेले बाबा दमले, तर त्यांनी सहज दोन्ही हात त्या उघड्या बाजूनं आत, गादीच्या फळीवर टेकवले. पाळण्याचे पाय अजून कापायचे होते, त्यामुळं तो होता उंच, आणि बाबांची कोपरं पार खांद्याशी आलेली, भिंतीवरून डोकावणाऱ्या माणसासारखी. पण हात टेकलेले. आणि टेकलेले हात, मास्तरनं टाका घालताघालता पाहिलं, फार थरथरत नव्हते. होते, पण थोडे. पाण्यावर वारा आल्यासारखे.

मास्तरची सुई तिथंच थांबली.

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन बाबांपाशी गेला. "बाबा, तुम्हाला एक शर्ट शिवतो. बाळ येणार, चांगला हवा."

बाबा उठायला लागले. "बसा बसा. बसल्याचंच माप हवंय."

"शर्टाला बसल्याचं माप?"

"बसलं की पोटावर बटण ओढतं ना."

बाबांना पटलं नाही, पण बसले. मास्तरनं खांदा घेतला, छाती घेतली, आणि मग खाली वाकून टेपचं टोक जमिनीला लावलं आणि कोपरापर्यंत आणलं.

"हे काय? शर्ट जमिनीपासून घालतात?"

"म्म्म," मास्तर म्हणाला. टाचण्या ओठांत होत्या. अशा वेळी टाचण्या फार उपयोगी पडतात.

"गुडघ्यांची जाडी का घेतोयस?"

"म्म्म्म."

बाबा खोकले. संशयाचा खोकला, हा नवीनच होता.

त्या संध्याकाळी मास्तरनं पाळण्याचे पाय कापले, आणि बाबा बघताक्षणी म्हणाले, "उंच राहिलाय. अजून वीतभर काप."

"राहू दे."

"अरे, टेबल आहे का ते? चांगला दिसत नाही."

"दाब ठेवलाय बाबा. पुढं वाढवायला लागलं तर असावं म्हणून आम्ही कापडात दाब ठेवतो ना, तसा."

"लाकडाला दाब!" बाबांनी कपाळावर हात मारला, आणि हात दोनदा लागला. पण पाळण्याला त्यांनी खांदा लावून ढकलून बघितलं, कापडावर अंग टाकून बघितलं, प्रत्येक बटण ओढून बघितलं, आणि शेवटी नुसतं "हं" केलं. त्यांच्या तोंडून 'हं' म्हणजे सोन्याचं पदक.

बाळ बारा दिवस आधीच आलं. मुलगी. आईसारखी घाईची. आणि हो, बोटांना नखं होती, मास्तरनं वीसच्या वीस मोजली.

पाळणा पुढच्या खोलीत लागला, खिडकीपाशी, उजेडात. आणि बाबांनी काय करावं? आपली खुर्ची उचलून समोरच्या भिंतीला नेली. "इथून छान दिसते," म्हणाले. हात काखेत.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. आठवडा गेला. चिमणी मुलीला घेऊन त्यांच्यापाशी गेली की बाबा उठून पाणी प्यायला जायचे. दिवसाला पंधरा ग्लास पाणी पीत होते बिचारे. अर्धे-अर्धे. चिमणीचा नळ मात्र मोठा सुटायचा.

मास्तर मात्र थांबला होता. शिंप्याला घाई करून चालत नाही, अंगावर घालून बघायची एक वेळ असते.

तर एक सुट्टीची दुपार. दुकान बंद. चिमणी आत मेल्यासारखी झोपलेली, दोन दिवसांची झोप थकलेली. आणि मुलगी जागी झाली, पाय झाडले आणि भोकाड पसरलं. मास्तर तिच्यापाशी गेला, वाकला, आणि उचललं नाही.

"बाबा, हे एक बटण सैल वाटतंय. बघता जरा?"

"कुठलं?" बाबा ताडकन उठले. चौदाच्या चौदा त्यांच्या हातची बटणं, त्यातलं सैल कुठलं! "सरक. कुठलं म्हणतोस?"

मास्तरनं खुर्ची त्यांच्या मागं सरकवली. बाबा बटण बघताबघता बसले. आणि मास्तरनं पटापट, एका बाजूची सात, दुसऱ्या बाजूची सात, सगळी काढली. कापड शर्टाच्या पुढच्या भागासारखं खाली गळून पडलं. बाबांचे गुडघे फळीखाली गेले, बरोब्बर, टेबलापाशी बसावं तसे. आणि समोर, कोपराच्या रेषेत, गादी.

बाबांना एक क्षण लागला. त्यांनी फळीकडं बघितलं, आपल्या कोपराकडं बघितलं.

"जमिनीपासून कोपरापर्यंत," ते म्हणाले.

"हो."

"शर्ट शिवलाच नाहीस तू."

"नाही शिवला."

"मला जमणार नाही रे." आवाज एकदम लहान झाला. "पडेल ती."

"कुठं पडेल? गादीवरच आहे. तुम्ही उचलायचंच नाही. नुसते हात टेका. हं. अजून आत. अजून."

थरथरते दोन हात आत आले आणि गादीवर टेकले, तळवे वर. मास्तरनं मुलीला अलगद त्या हातांवर सरकवलं. डोकं एका कोपराच्या खोबणीत, पाय दुसऱ्या हातावर, आणि खाली गादी. तिला कळलं काहीतरी बदललंय. रडता रडता थांबली. उचकी दिली. खालून ती बारीक थरथर येत होती, पाण्यावरच्या वाऱ्यासारखी, आणि ती डोळे वटारून ऐकत होती, अंगानं ऐकत होती. तोंड वाकडं करून रडायचं की नाही याचा विचार केला. मग जांभई दिली. एवढ्याशा तोंडाची केवढी ती जांभई!

बाबांनी श्वास रोखून धरला होता. मग ते वाकले, खूप खाली, तिच्या डोक्याचा वास घेता येईल एवढे, आणि तिथंच राहिले.

रडणं थांबलं म्हणून चिमणी जागी झाली, बाकी आयांसारखीच. धडपडत आली, एका पायात चप्पल, केसांचं टोपलं, आणि दारात अशी थबकली की जणू बसपुढं कुणी आडवं आलं. चौकटीला धरून उभी राहिली. नाकाचा शेंडा लाल, पण नळ उघडायला कुठंही गेली नाही.

मास्तरचंही काही खरं नव्हतं. डोळे भरले आणि आता इथं उभं राहिलं तर आपण मोठ्यानं रडणार, हे त्याला कळलं. मग तो वळला आणि कामाला लागला. शर्टाचं कबूल केलं होतं ना? शर्टच शिवू. पांढरं कापड काढून कटिंगच्या टेबलावर पसरलं, पाठीचा कागद काढला, कापडावर ठेवला, खडू फिरवला. समोरचं सगळं धुरकट दिसत होतं. कात्री उचलली.

बाबांनी तेवढ्यात मान वर केली. टेबलावर कापड सपाट पसरलेलं, अख्खं, एकेरी. वर अर्धा कागद. मास्तरची कात्री उघडलेली.

बाबांचा खोकला छातीतून निघाला, तो मोठा, थांब-थांबवाला, आणि घशापर्यंत येऊन अडकला. हातांवर ती झोपलेली! बाबांनी ओठ मिटले. गाल फुगले, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी चिमणीकडं बघितलं, भुवया वर, हनुवटी टेबलाकडं, पुन्हा भुवया वर.

चिमणीला काय चुकतंय ते ओ की ठो कळलं नाही. पण बाबांचा चेहरा तिला तीस वर्षं पाठ होता.

"खॉक्," ती खोकली. हळूच.

मास्तरचा हात जागच्या जागी थांबला. त्यानं कापडाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, आणि मग वळून बाबांकडं.

बाबांनी खोकला गिळला, एकदा मुलीकडं बघून घेतलं, आणि अगदी ओठातल्या ओठात म्हणाले, "घडी घाल, गाढवा."